शासकीय खर्चाने होणारा फौजदारी बचाव आणि त्याचे ऑनलाइन व्यवस्थापन

प्रस्तावना

फौजदारी खटल्यातील आरोपीचा बचाव शासनाच्या पैशाने व्हावा, ही आधुनिक राज्यसंस्थेने स्वतःवर घेतलेली एक वेगळ्याच स्वरूपाची जबाबदारी आहे. अटक करणारे पोलीस शासनाचे, खटला चालविणारा अभियोक्ता शासनाचा, आरोपी ज्या तुरुंगात असतो तो तुरुंगही शासनाचा. आणि या सर्वांच्या म्हणण्याला आव्हान देणाऱ्या वकिलाचे मानधन पुन्हा शासनाच्याच तिजोरीतून दिले जाते. एकाच यजमानाने दोन्ही पक्षांचा खर्च उचलावा, असा हा प्रकार आहे. त्यामुळे या कामाची नोंद कोणी ठेवावी, काय ठेवावी आणि ती कोणास दिसावी, हे प्रश्न केवळ कार्यालयीन सोयीचे राहत नाहीत. आरोपीला मिळणाऱ्या बचावाच्या गुणवत्तेशी त्यांचा थेट संबंध पोहोचतो.

गेल्या काही वर्षांत भारतात आणि भारताबाहेर हे काम कागदी नोंदवह्यांतून संगणकावर व तेथून ऑनलाइन प्रणालींवर गेले आहे. या स्थित्यंतराचे स्वरूप विशद करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. दिवाणी, कौटुंबिक वा कामगारविषयक विधी साहाय्य येथे विचारात घेतलेले नाही. फौजदारी आरोपीची, त्यातही कोठडीत असलेल्या आरोपीची स्थिती इतकी निराळी आहे, की इतर लाभार्थ्यांसाठी आखलेली ऑनलाइन व्यवस्था त्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. ती का लागू पडत नाही, हाच या लेखातील विवेचनाचा मध्यवर्ती धागा आहे.

हक्काचे स्वरूप : मागणीवाचून मिळणारा हक्क

राज्यघटनेच्या अनुच्छेद २२(१) ने अटक झालेल्या व्यक्तीस आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला. परंतु फी देण्याची ऐपत नसलेल्याने काय करावे, याचे उत्तर त्यात नव्हते. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९अ समाविष्ट झाला आणि मोफत विधी साहाय्य हे राज्यधोरणाचे निदेशक तत्त्व ठरले. पुढे हुसैनआरा खातून प्रकरणात (१९७९) सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क अनुच्छेद २१ मधील जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या हक्काशी जोडला. भागलपूरच्या अंध केल्या गेलेल्या बंद्यांसंबंधीच्या खत्री प्रकरणात (१९८१) न्यायालयाने स्पष्ट केले, की आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे प्रथम हजर केले जाते तेव्हापासूनच शासनावर ही जबाबदारी येते. सुखदास प्रकरणात (१९८६) तर आरोपीने वकील मागितलाच नाही ही सबब अमान्य करून दोषसिद्धी रद्द करण्यात आली. आपल्याला हा हक्क आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो मागणी करणार कशी, असा त्यामागील साधा विचार होता. अजमल कसाब प्रकरणातील २०१२ च्या निकालात पहिल्या हजेरीच्या वेळी आरोपीला या हक्काची जाणीव करून देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य ठरविले गेले.

या निर्णयमालेतून निघणारा एक अर्थ ऑनलाइन व्यवस्थेच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. फौजदारी बचावाचा हक्क अर्जाने सुरू होत नाही. अटक, हजेरी, कोठडी, दोषारोप, शिक्षा अशा एखाद्या घटनेने तो सुरू होतो. याउलट शासकीय पोर्टलची सर्वसाधारण घडण अर्जाभोवती झालेली असते. नागरिक लॉगिन करतो, रकाने भरतो, कागदपत्रे जोडतो, त्याला अर्ज क्रमांक मिळतो आणि तेथून प्रकरण पुढे सरकते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या पोर्टलवर अशा प्रकारे ऑनलाइन अर्ज करण्याची सोय आहे आणि घटस्फोटाच्या वा वेतनाच्या दाव्यात अडकलेल्या व्यक्तीला ती उपयुक्तही आहे. पण ज्याचा मोबाइल अटकेच्या वेळीच जप्त झाला आहे आणि जो पोलीस कोठडीत वा तुरुंगाच्या बराकीत आहे, त्याच्या दृष्टीने अशा पोर्टलचे अस्तित्व जवळजवळ नसल्यासारखेच आहे.

एका निकालप्रतीची गोष्ट

या विषयाच्या प्रशासकीय बाजूचा विचार करताना एम. एच. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) या निर्णयाची आठवण होणे अपरिहार्य आहे. प्राध्यापकवर्गाला त्यात आणखीही एक रस वाटावा. यातील आरोपी स्वतः सौराष्ट्र विद्यापीठात प्रपाठक होता आणि विद्यापीठाच्या बनावट पदव्या तयार करण्याच्या प्रयत्नाबद्दल तो दोषी ठरला होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची शिक्षा वाढविली. त्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात येण्यास त्याला चार वर्षांहून अधिक विलंब झाला. कारण विचारता असे निघाले, की निकालाची प्रत तुरुंगाकडे पाठविली गेली होती; मात्र ती बंद्याच्या हाती पोहोचून त्याच्याजवळ राहिल्याची त्याच्या सहीची पोच दप्तरात नव्हती.

अर्ज गुणवत्तेवर फेटाळला गेला, परंतु न्या. कृष्ण अय्यर यांनी या निमित्ताने जे दंडक घालून दिले ते टिकले. शिक्षा झालेल्या बंद्याला निकालाची प्रत मोफत व तत्परतेने द्यावी, ती तुरुंगामार्फत पाठविली असल्यास बंद्याकडून लेखी पोच घ्यावी आणि अपिलासाठी आवश्यक तेथे त्याला शासकीय खर्चाने वकील द्यावा, असे न्यायालयाने सांगितले. येथे हक्क मोडला तो कोणाच्या दुष्टाव्याने नव्हे. एका कार्यालयाची जावक आणि दुसऱ्या कार्यालयाची आवक यांच्यामध्ये कागद हरवला, इतकेच. शासकीय खर्चाच्या बचावात आजही बहुतेक हानी याच फटीत होते. नेमणुकीचे पत्र वकिलाला उशिरा मिळते; बंदी एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात हलविला जातो आणि वकिलाला ते कळत नाही; जामीन मंजूर होतो आणि आदेश तुरुंगाच्या दाराशी थांबतो. ऑनलाइन व्यवस्थेचे खरे काम ही फट बुजविण्याचे आहे.

संस्थात्मक रचना

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अंमलात आला. राष्ट्रीय, राज्य व जिल्हा पातळीवर प्राधिकरणे आणि तालुका पातळीवर समिती अशी त्याची रचना आहे. अधिनियमाच्या कलम १२ नुसार अभिरक्षेत असलेली व्यक्ती उत्पन्नाची अट न लावता साहाय्यास पात्र ठरते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३४१ ने वकील न परवडणाऱ्या आरोपीला न्यायालयाने वकील देण्याची तरतूद केली असून, जुन्या संहितेत सत्र न्यायालयापुरते असलेले हे बंधन आता विस्तारले आहे.

वकील देण्याची जुनी पद्धत पॅनलची. खासगी वकिली करणारे वकील प्राधिकरणाच्या यादीवर असत आणि प्रकरणागणिक त्यांची नेमणूक होई. मानधन अल्प, ते मिळण्यास विलंब, आणि खासगी पक्षकाराचे काम सांभाळून उरलेल्या वेळात हे काम, अशी या पद्धतीवर नेहमीची टीका होती. तीत तथ्यही होते, यद्यपि अत्यंत निष्ठेने काम करणारे पॅनल वकील प्रत्येक जिल्ह्यात सापडतात. २०२२ मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणाने पूर्णवेळ बचाव वकिलांची योजना व्यापक स्वरूपात आणली. महाराष्ट्रात तिला लोकअभिरक्षक कार्यालय हे समर्पक नाव मिळाले. मुख्य, उप आणि सहायक लोकअभिरक्षक पूर्णवेळ फौजदारी बचावाचेच काम करतात आणि त्यांना खासगी वकिली करता येत नाही. योजनेने या कार्यालयासाठी लिपिकाबरोबरच स्वागत व संगणकीय नोंदी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याचेही पद धरले आहे. वरवर किरकोळ वाटणारी ही तरतूद पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल. कारण रकाने कोणीतरी भरावे लागतात आणि ते वकिलाने भरायचे ठरले, तर तेवढा वेळ आरोपीच्या भेटीतून जातो.

तुरुंगातून सुरू होणारी नोंद

घटनेपासून सुरू होणाऱ्या व्यवस्थेचा भारतातील एक उल्लेखनीय प्रयत्न जून २०१७ मधील आहे. राष्ट्रीय प्राधिकरणाने बंद्यांच्या विधी साहाय्यासाठी एक संगणकीय प्रणाली सुरू केली. तीत जिल्हा प्राधिकरणांनी आपल्या हद्दीतील प्रत्येक बंद्याची माहिती भरावयाची होती. एकूण बंदी किती, त्यांपैकी खासगी वकील असलेले किती, प्राधिकरणाचा वकील असलेले किती आणि वकीलच नसलेले किती, असे अहवाल तीतून काढता येत. या चार आकड्यांपैकी शेवटचा सर्वांत मोलाचा. पारंपरिक नोंदवहीत फक्त अर्ज केलेल्यांची नावे असतात, त्यामुळे अर्ज न केलेला बंदी त्या नोंदवहीला दिसतच नाही. तुरुंगाच्या हजेरीपटापासून सुरुवात केली, की तो दिसू लागतो.

याचे प्रमाण ध्यानात घेण्यासारखे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन बंदी, म्हणजे बोलीभाषेतील कच्चे कैदी होते. एवढ्या संख्येत कोणाच्या कोठडीचे किती दिवस झाले आणि कोण मुक्ततेस पात्र झाला, याचा हिशेब हाताने ठेवणे अशक्यप्राय आहे. नव्या संहितेच्या कलम ४७९ नुसार, कायद्याने वगळलेले अपराध सोडता, न्यायाधीन बंद्याने त्या अपराधाच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत काढला असेल, आणि त्याला पूर्वी कोणत्याही अपराधाबद्दल दोषी ठरविले गेले नसेल तर एकतृतीयांश काळ काढला असेल, तर त्याच्या मुक्ततेचा प्रश्न उभा राहतो. तुरुंग अधीक्षकाने अशा वेळी न्यायालयाला लेखी कळवावयाचे आहे. तारखांची ही वजाबाकी यंत्राने करावी, हेच उचित होय. तथापि बंद्यावर एकाहून अधिक गुन्हे असले, कलमे पुढे बदलली वा पूर्वीच्या शिक्षेची माहिती अपुरी असली, की यंत्राने दिलेली तारीख चुकू शकते. तेव्हा ती यादी वकिलाने तपासून घेण्याची असते. ती अंतिम मानणे धोक्याचे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी दिलेले निर्देश या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहेत. जामीन मंजूर होऊनही सुटका न झालेल्या बंद्यांचा प्रश्न न्या. संजय किशन कौल व न्या. अभय ओक यांच्या खंडपीठापुढे होता. न्यायालयाने सांगितले, की जामीन आदेशाची प्रत त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी तुरुंग अधीक्षकामार्फत बंद्याला ई-मेलने पाठवावी. अधीक्षकाने जामिनाची तारीख ई-प्रिझन्स प्रणालीत नोंदवावी. आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवास कळवावे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने प्रणालीत तसे रकाने निर्माण करून, सात दिवस उलटताच सचिवास स्वयंचलित ई-मेल जाईल अशी सोय करावी, असेही सांगितले. पुढे सचिवाने विधी स्वयंसेवक वा तुरुंगभेट देणारा वकील पाठवावा, गरजेनुसार बंद्याच्या आर्थिक-सामाजिक स्थितीचा अहवाल तयार करवून तो न्यायालयापुढे ठेवावा, आणि महिनाभरात जामीनपत्र भरले गेले नाही तर न्यायालयाने अटी शिथिल करण्याचा विचार आपण होऊन करावा, असा हा क्रम आहे.

या निर्देशांत तंत्रज्ञान अगदी साधे आहे. दोन तारखा, त्यांतील अंतर आणि एक ई-मेल. त्याचे मोल इतके, की येथे यंत्र बंद्याच्या मागणीची वाट पाहत नाही. जामीन मिळूनही कोणी आत का राहतो, याची कारणे तुरुंग व न्यायालय यांच्याशी परिचय असणाऱ्यांस ठाऊक आहेत. कधी स्थानिक हमीदार मिळत नाही, कधी रोख रक्कम भरण्याची ऐपत नसते, कधी दुसऱ्या प्रकरणातील वॉरंट बाकी असते, तर कधी जामीन झाल्याचे घरी कळलेलेच नसते. ऊसतोडणीसाठी वा बांधकामासाठी परजिल्ह्यात आलेल्या मजुराला त्या गावात सातबारा घेऊन उभा राहणारा हमीदार कोठून मिळणार? सातव्या दिवशीचा ई-मेल हमीदार शोधून देत नाही. पण अमुक बंदी अमुक कारणासाठी अडला आहे ही बाब निश्चित नावाच्या अधिकाऱ्यापुढे निश्चित दिवशी येते. त्यानंतर ती दुर्लक्षित राहिली, तर दुर्लक्ष कोणी केले हेही सांगता येते.

पाच खांब आणि सहावी जागा

आंतरचलित फौजदारी न्याय प्रणाली हा केंद्र शासनाचा एक महत्त्वाकांक्षी प्रकल्प आहे. त्याच्या दुसऱ्या टप्प्यास फेब्रुवारी २०२२ मध्ये ३,३७५ कोटी रुपये खर्चाची मान्यता मिळाली. एकदा भरलेली माहिती पुन्हा भरावी लागू नये, हे त्याचे सूत्र. पोलीस, न्यायालये, तुरुंग, न्यायसहायक प्रयोगशाळा आणि अभियोग संचालनालय हे त्याचे पाच खांब मानले जातात. प्रथम खबर नोंदविली गेली की ती अभियोक्त्याला व न्यायालयाला, प्रयोगशाळेचा अहवाल आला की तो पोलिसांना, अशी माहितीची देवघेव त्यात अभिप्रेत आहे.

या यादीत बचाव पक्ष नाही. अभियोक्त्याला आपले प्रकरण यंत्रावर उघडून पाहता यावे आणि लोकअभिरक्षकाला तीच कागदपत्रे प्रमाणित प्रतींसाठी अर्ज करून मिळवावी लागावीत, ही विषमता लहान नाही. दोघांचेही वेतन वा मानधन एकाच शासनाकडून येते, हे ध्यानात घेतले म्हणजे ती अधिकच खटकते. न्यायालयांच्या बाबतीत स्थिती पुष्कळच बरी आहे. ई-कोर्ट्स प्रकल्पामुळे प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांकांचा एकमेव क्रमांक मिळतो, आणि त्यावरून पुढील तारीख, रोजनामा व आदेश कोणालाही पाहता येतात. लोकअभिरक्षक कार्यालयाची नोंद याच क्रमांकाला जोडली, तर तारखा पुन्हा हाताने लिहिण्याचे काम वाचेल. आरोपी आणि दूर राहणारे त्याचे नातेवाईक यांनाही त्याच क्रमांकावर विसंबता येईल.

बचाव पक्षाला सहावा खांब करावे काय, हा मात्र विचार करण्याजोगा प्रश्न आहे. माहिती घेण्यापुरती जोडणी अत्यावश्यक आहे. आपल्याकडील माहिती त्या जाळ्यात सोडणे अनिष्ट आहे. बचावाची फाइल पोलीस व अभियोक्ता वावरतात त्याच दालनात ठेवता येत नाही. म्हणून ही जोडणी एकदिशाच असली पाहिजे, असे या विवेचनाचे प्रतिपादन आहे.

काय मोजले जाते

कोणतीही व्यवस्थापन प्रणाली जे मोजते, तेच हळूहळू कामाचे स्वरूप ठरवू लागते. विधी साहाय्याच्या अहवालांत सामान्यतः किती व्यक्तींना वकील दिले, किती शिबिरे घेतली, किती प्रकरणे निकाली निघाली, असे आकडे येतात. नेमणूक ही सहज मोजता येणारी गोष्ट आहे. आदेश निघाला की रकाना भरला. पण नेमलेला वकील आरोपीला कितव्या दिवशी भेटला, दोषारोपपत्राची प्रत त्याला केव्हा मिळाली, जामीन अर्ज अटकेनंतर किती दिवसांनी दाखल झाला, साक्षीदाराच्या उलटतपासापूर्वी वकील व आरोपी यांच्यात बोलणे झाले होते का, हे प्रश्न बचावाच्या गुणवत्तेशी अधिक जवळचे आहेत. यांतील बहुतेकांची उत्तरे केवळ तारखांच्या रूपात मिळू शकतात आणि त्यासाठी संभाषणाचा एक शब्दही नोंदवावा लागत नाही.

मोजमापाचा प्रश्न किती नाजूक असतो, हे इंग्लंड व वेल्सच्या अनुभवावरून समजते. तेथे शासकीय खर्चाच्या बचावाचे काम मुख्यतः खासगी सॉलिसिटर संस्था कराराने करतात. १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुराव्यासंबंधीच्या कायद्याच्या कलम ५८ ने कोठडीतील व्यक्तीस सॉलिसिटरचा सल्ला घेण्याचा हक्क दिला आहे. तिने शासकीय खर्चाचा सल्ला मागितला, की पोलीस ठाण्यातून डिफेन्स सॉलिसिटर कॉल सेंटरकडे मागणी जाते. व्यक्तीचा स्वतःचा सॉलिसिटर असल्यास त्याला, अन्यथा पाळीवर असलेल्या ड्यूटी सॉलिसिटरला निरोप दिला जातो आणि त्या मागणीला संदर्भ क्रमांक मिळतो. पुढे मानधनाच्या दाव्यात तो क्रमांक लागतो. म्हणजे हक्काची नोंद आणि पैशाची नोंद एकाच धाग्यात ओवलेली आहे आणि धाग्याची सुरुवात पोलीस ठाण्यातील घटनेपासून होते. ही रचना भारतात अनुकरणीय आहे.

त्याच देशातील क्राउन कोर्टाच्या मानधनाची पद्धत मात्र सावध करणारी आहे. सॉलिसिटरची फी तेथे अपराधाचा वर्ग, सुनावणीचे दिवस आणि अभियोग पक्षाच्या पुराव्याची पृष्ठसंख्या अशा घटकांवरून काढली जाते. पुरावा कागदावर होता तोवर पाने मोजणे सरळ होते. मोबाइल फोनमधून काढलेली माहिती खटल्यांत येऊ लागल्यावर तिची किती 'पाने' धरावीत, यावरून वाद उद्भवले आणि ते मानधनाचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधीशांपर्यंत गेले. ज्या परिमाणाचा वकिलाच्या कष्टाशी असलेला संबंध सुटत चालला आहे, तेच परिमाण संगणकात बसविले, की वादही संगणकाच्या वेगाने वाढतात.

गोपनीयता : दोन धोके

इंग्लंडचाच आणखी एक अनुभव अधिक गंभीर आहे. विधी साहाय्याचे काम पाहणाऱ्या लीगल एड एजन्सीच्या ऑनलाइन प्रणालीवर सायबर हल्ला झाल्याचे २३ एप्रिल २०२५ रोजी लक्षात आले. त्याची व्याप्ती आधीच्या समजुतीपेक्षा बरीच मोठी असल्याचे १६ मे रोजी उघड झाले आणि १९ मे रोजी शासनाने ते जाहीर केले. त्या वेळच्या निवेदनानुसार २०१० पासून ऑनलाइन सेवेद्वारे अर्ज केलेल्या व्यक्तींची माहिती हल्लेखोरांच्या हाती लागली असण्याची शक्यता होती. तीत पत्ते, जन्मतारखा, राष्ट्रीय ओळख क्रमांक, रोजगार व आर्थिक तपशील यांबरोबरच गुन्हेविषयक पूर्वेतिहासही होता. एजन्सीने ऑनलाइन सेवा बंद केल्या. वकिलांना पर्यायी व्यवस्थेवर काम चालवावे लागले आणि सेवा पूर्ववत करण्याचे काम अनेक महिने चालले. ही प्रणाली जुनाट झाल्याचे वकिलांची संघटना असलेल्या लॉ सोसायटीचे म्हणणे होते आणि सरकारनेही पूर्वीच्या काळातील दुर्लक्षाकडे बोट दाखविले.

या घटनेत पंधरा वर्षांची माहिती एका ठिकाणी साठून राहिली होती, हे विसरता येत नाही. २०११ साली किरकोळ आरोपातून निर्दोष सुटलेल्या व्यक्तीचा पत्ता व उत्पन्न २०२५ मध्ये त्या प्रणालीत कशासाठी हवे होते? मानधनाचा हिशेब पूर्ण झाल्यावर व लेखापरीक्षणाची मुदत संपल्यावर माहिती नष्ट करण्याचा नियम प्रणाली उभारतानाच करावा लागतो. भारतात वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. शासकीय यंत्रणांना त्यात काही सवलती आहेत. विधी सेवा प्राधिकरणांनी त्या सवलतींचा आसरा न घेता स्वतःचा कडक नियम करणे श्रेयस्कर ठरेल.

दुसरा धोका बाहेरून येणारा नाही. तो भारतीय रचनेतच आहे. अधिनियमानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हा न्यायाधीशाकडे असते. प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीश म्हणून तेच अनेक खटले चालवीत असतात आणि इतर न्यायाधीशांकडे वाटून देत असतात. प्राधिकरणाच्या वतीने बचाव वकिलांच्या कामावर देखरेख करण्यासाठी २०१० च्या विनियमांनी देखरेख समितीची तरतूद केली आहे. कागदी काळात वकील महिन्याकाठी दोन ओळींचा प्रगती अहवाल देत असे. ऑनलाइन प्रणालीत मात्र 'अभिप्राय', 'बचावाची दिशा', 'पक्षकाराने दिलेली माहिती' असे मोकळे रकाने ठेवण्याचा मोह होतो. ते भरले गेले, तर आरोपीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याचा न्याय करणाऱ्या संस्थेच्या पडद्यावर येऊ शकते. न्यायाधीश ती वाचतील असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. वाचता येण्याची शक्यता उरली, एवढेच आरोपीने गप्प राहण्यास पुरेसे आहे. पक्षकार व वकील यांच्यातील संवादाला भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ ने, आणि त्यापूर्वीच्या कायद्यात कलम १२६ ने, जे संरक्षण दिले आहे, त्याचा आशय प्रणालीच्या रचनेत उतरला पाहिजे. भेट झाली याची तारीख नोंदवावी; भेटीत काय बोलणे झाले ते वकिलाच्या स्वतःच्या टिपणवहीत राहावे.

पडद्याविना वापरकर्ता

या सर्व व्यवस्थेत ज्याच्यासाठी ती उभारली त्या व्यक्तीला लॉगिन नाही. सर्वोच्च न्यायालयाने सुहास चकमा प्रकरणात २३ ऑक्टोबर २०२४ रोजी बंद्यांच्या विधी साहाय्यासंबंधी निर्देश देताना तुरुंगातील विधी साहाय्य केंद्रांचे काम बळकट करण्यावर आणि ज्यांनी अपील केलेले नाही अशा शिक्षाबंद्यांशी नियमित संवाद ठेवण्यावर भर दिला. या केंद्रांत बसणारा विधी स्वयंसेवक, कित्येकदा स्वतः बंदीच असलेला, हा प्रणाली व बराक यांच्यातील खरा दुवा आहे. त्याला नोंद करता येत असेल, पण बंद्याला दाखविण्यासारखे त्याच्यापाशी काही नसेल, तर दुवा अर्धाच राहतो.

यावर उपाय अगदी जुन्या पद्धतीचा आहे. वकील नेमला गेला, तारीख पडली वा आदेश झाला, की प्रणालीतून मराठीत एक छापील चिठ्ठी निघावी. वकिलाचे नाव, लोकअभिरक्षक कार्यालयाचा दूरध्वनी, प्रकरणाचा क्रमांक, पुढील तारीख आणि त्या दिवशी काय होणार आहे याची एक ओळ, एवढे तीवर पुरे. मराठी न समजणाऱ्या बंद्यासाठी ती त्याच्या भाषेत असावी आणि निरक्षरास विधी स्वयंसेवकाने वाचून दाखवावी. चिठ्ठी मिळाल्याची सही वा अंगठा घेऊन त्याची तारीख प्रणालीत चढवावी. त्याकरिता कायद्यात कोणताही बदल करावा लागत नाही; पोच घेण्याचा आदेश १९७८ पासून अस्तित्वात आहे. लागेल तो तुरुंगाच्या विधी साहाय्य केंद्रात एक छपाईयंत्र, त्याला नियमित कागद, आणि लोकअभिरक्षक कार्यालयातील नोंदी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याचे पद रिक्त न ठेवण्याची दक्षता.